हिरड्या सुजतात म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडते का?

प्रश्न : माझं वय ४७. गेली चार वर्षं हिरड्या अधूनमधून सुजतात, ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो. मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या की बरं वाटतं, पण महिना-दोन महिन्यांत पुन्हा तेच. खालचे पुढचे दोन दात आता हलकेसे हलतात. दोन वर्षांपासून मधुमेह आहे, गोळी चालू आहे. दातांचे डॉक्टर म्हणाले, पायोरिया आहे, दोन-तीन वेळा बोलावून आतून साफ करावं लागेल. शेजारीण सांगते, साफ केले की दात आणखी हलतात. मुलगी म्हणते, आई, तुझी इम्युनिटी कमी झालीय. तिने काढा आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू केल्यात. सासूबाई लावतात म्हणून मीही सकाळी मशेरी लावते, तेवढ्यापुरतं रक्त थांबतं. मी नेमकं काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तुमची प्रतिकारशक्ती कमी झालेली नाही. हिरड्यांपुरतं बोलायचं तर ती गेली चार वर्षं रात्रंदिवस जागी आहे. ती झोपलेली नाही, तिची दिशाभूल झालीय. हा फरक नीट कळला तर काढा का उपयोगी पडत नाही, पाच दिवसांच्या गोळ्या का फसतात आणि डॉक्टर 'आतून साफ करू' असं का म्हणतात, हे तिन्ही उलगडेल.

दातावर जीभ फिरवली की संध्याकाळी जो बुळबुळीत थर लागतो, तो म्हणजे प्लाक. ते अडकलेलं अन्न नव्हे. जंतूंनी स्वतः तयार केलेल्या चिकट पदार्थात एकमेकांना धरून राहिलेली ती त्यांची वस्ती आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण थांबवायला सांगितलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. यातल्या कुणाचीही प्रतिकारशक्ती कमी नव्हती. थर साचला, सूज आली. थर निघाला, सूज गेली. सुरुवातीचा आजार इतका सरळ असतो, आणि त्या पायरीवर तो पूर्ण बराही होतो. तुमचा त्यापुढे गेलाय.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी माणसात ती १ ते ३ मिलिमीटर खोल असते. या खाचेत पांढऱ्या पेशींची, मुख्यतः न्यूट्रोफिल नावाच्या पेशींची, कायम राखण असते. निरोगी हिरडीतही त्या रक्तातून सतत बाहेर येत राहतात आणि प्लाक व हिरडी यांच्यामध्ये भिंतीसारख्या उभ्या राहतात. प्लाक वाढला की रक्तवाहिन्या फुगतात, जास्त पेशी धावून येतात, खाचेतून पाझरणारा द्रव वाढतो. हिरडी लाल आणि मऊ होते. खाचेचं आतलं अस्तर इतकं पातळ होतं की त्याला जागोजागी व्रण पडतात. ब्रश लागताच रक्त येतं ते याच व्रणांमधून. म्हणून रक्त येतं त्या जागी ब्रश फिरवायचं टाळणं, जे जवळजवळ प्रत्येकजण करतो, अगदी उलट ठरतं. तिथेच थर साचलेला असतो.

आता घरभेद्याकडे वळू. या खाचेत जंतूंच्या शेकडो जाती असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. आजाराने खोल झालेल्या खाचांमध्ये मात्र पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा एक जंतू आढळतो. त्याला साखर लागत नाही. तो प्रथिनांच्या तुकड्यांवर आणि रक्तातल्या लोहावर जगतो. प्रयोगशाळेत रक्त घातलेल्या बशीवर वाढवला तर त्याचे ठिपके काळे पडतात, कारण रक्तातला लोहयुक्त भाग तो स्वतःच्या अंगावर साठवतो. म्हणजे सूज आणि रक्तस्राव हेच त्याचं अन्न. हिरडी बरी झाली की त्याची उपासमार होते. सूज टिकून राहावी, पण आपण मात्र मारले जाऊ नये, अशी त्याला दुहेरी सोय हवी असते, आणि ती तो करून घेतो.

आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी असते. जंतू दिसला की तिचे तुकडे पडतात. त्यातला सी-५ए हा तुकडा धोक्याची घंटा वाजवून पांढऱ्या पेशींना बोलावतो. हा जंतू जिंजिपेन नावाच्या स्वतःच्या कात्रीने सी-५ए परस्पर कापून तयार करतो, म्हणजे घंटा तो स्वतःच वाजवतो. मग न्यूट्रोफिल जवळ आला की त्याच्या पृष्ठभागावरच्या दोन वेगवेगळ्या कड्या एकदम ओढतो. त्यामुळे पेशीच्या आत 'मार' हा निरोप तुटतो आणि 'सूज वाढव' हा निरोप तेवढा चालू राहतो. पहारेकरी हजर, हत्यारं बाहेर, पण चोराला हात लावत नाहीत. याचा फायदा शेजारच्या इतर जंतूंनाही मिळतो आणि अख्ख्या वस्तीचा रंग पालटतो. २०११ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की हा जंतू एकूण जंतूंच्या ०.०१ टक्क्याहूनही कमी असताना जबड्याचं हाड झिजलं. जन्मापासून जंतुविरहित ठेवलेल्या उंदरांत तो एकटाच सोडला तेव्हा हाड झिजलं नाही. आणि ज्या उंदरांत घंटेचा आवाज ऐकणाऱ्या कड्याच नव्हत्या, त्यांचंही हाड शाबूत राहिलं. त्याला नुकसान करायला इतर जंतूही हवेत आणि आपली प्रतिकारयंत्रणाही हवी.

आणि प्रत्यक्ष नुकसान कोण करतं? मोठ्या प्रमाणात आपणच. थवेच्या थवे आलेले न्यूट्रोफिल जंतूंसाठी आणलेली विकरं आणि दाहक रसायनं आसपास ओततात. दाताला हाडाशी बांधणारे कोलॅजनचे धागे त्यात विरघळतात. मागोमाग आलेल्या टी आणि बी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी 'रँकल' नावाचा संदेश सोडतात, त्यावर हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि दाताभोवतीचं हाड मागे हटतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती ही. हाड मागे गेलं की खाच खोल होते, तिला दातांचे डॉक्टर पॉकेट म्हणतात. खोल पॉकेटमध्ये प्राणवायू पोचत नाही, आणि याच जंतूंना तो नकोच असतो.

एक दुर्मीळ जन्मजात आजार आहे. त्यात न्यूट्रोफिल रक्तवाहिनीतून बाहेरच पडू शकत नाहीत. अशा मुलांचे दात कमी वयातच हलतात, पडतात. इतकी वर्षं वाटायचं, राखणदार नाहीत म्हणून जंतू मोकाट सुटतात. २०१४ मध्ये दिसलं की त्यांच्या हिरड्यांत आयएल-१७ नावाचा दाह वाढवणारा संदेश अतोनात वाढलेला असतो. पुढे २०१७ मध्ये अशा एका रुग्णाला हा संदेश दाबणारं औषध दिलं, तेव्हा वर्षानुवर्षांची हिरड्यांची सूज उतरली. जिथे प्रतिकारशक्ती खरोखरच अपुरी आहे, तिथेही हिरड्या सुजवतो तो दाहाचा अतिरेकच. म्हणून 'इम्युनिटी वाढवा' हा सल्ला हिरड्यांच्या बाबतीत चुकीच्या दिशेचा आहे.

मुलीला समजावून सांगा, तिने काळजीपोटीच केलंय. क जीवनसत्त्वाची खरी कमतरता असेल तर हिरड्यांतून रक्त येतं हे खरं, पण आठवड्यातून चार-पाचदा पेरू, आवळा, लिंबू, कोबी पोटात जात असेल तर गोळीने आणखी काही साधत नाही. काढ्यात गूळ किंवा मध पडतो का, हे मात्र आजच बघा. तुम्हाला मधुमेह आहे.

मधुमेह आणि पायोरिया एकमेकांना धरून चालतात. साखर आटोक्यात नसेल तर हिरड्यांच्या आजाराचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो. रक्तातली जादा साखर प्रथिनांना चिकटते, अशी साखर चढलेली प्रथिनं पांढऱ्या पेशींना चेतवत राहतात आणि जखम भरणंही मंदावतं. उलट बाजूने, हिरड्यांमधला दाह रक्तात उतरतो आणि इन्शुलिनचं काम अवघड करतो. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, सुमारे ०.४ ने उतरते, असं अनेक चाचण्या एकत्र केल्यावर दिसलंय. हा आकडा लहान वाटेल, पण मधुमेहात तो दुसरी गोळी वाढवल्याइतका मोलाचा ठरू शकतो. ७ किंवा त्याहून जास्त एचबीए१सी असेल तर हिरड्यांचा आजार वेगाने वाढणाऱ्या गटात धरतात. तुमचा शेवटचा आकडा किती होता हे पत्रात नाही. दातांच्या डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी ती तपासणी करून घ्या.

मशेरीबद्दल स्पष्ट लिहितो. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात म्हणून रक्त थांबतं, आजार थांबत नाही. रक्त ही हिरडीची सगळ्यात ठळक तक्रार असते आणि तीच तुम्ही बंद करताय. खाली हाड झिजत राहतं आणि कळतं तेव्हा दात हललेला असतो. शिवाय तंबाखूने न्यूट्रोफिल आणखी बिघडतात, उपचारांचा परिणाम कमी मिळतो, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच. सोडल्यावर पहिले काही आठवडे रक्त आधीपेक्षा जास्त दिसू शकतं. घाबरून परत लावू नका, रक्तपुरवठा पूर्ववत होतोय. तलफ आवरत नसेल तर १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. तळहातावर घेतलेली कुठलीही काळी पूड, राखुंडी असो की कोळसा, दाताची मान झिजवते, तेव्हा मशेरीच्या जागी तीही नको. सासूबाईंच्या गालात किंवा हिरडीवर न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा असेल तर त्यांनाही सोबत न्या.

शेजारणीचं म्हणणं बऱ्याच जणांना खरं वाटतं, कारण साफ केल्यावर दात खरंच मोकळे वाटतात. किटण म्हणजे प्लाक लाळेतल्या चुन्याने कडक झालेला थर. खालच्या पुढच्या दातांमागे तो सगळ्यात जास्त साचतो, कारण लाळेच्या काही ग्रंथींची तोंडं तिथे उघडतात. हाड आधीच झिजलेलं असतं आणि दोन-तीन दातांना किटणाने एकत्र जखडून ठेवलेलं असतं. किटण काढलं की दातांमधली फट उघडी पडते, सूज उतरून हिरडी आकसते, दात लांब दिसतात, थंड पाणी झिणझिणतं. हे सगळं पूर्वीच झालेलं नुकसान आहे, ते फक्त आता दिसतंय. सूज उतरल्यावर बऱ्याचदा हलणं पुढच्या आठवड्यांत कमी होतं. तेवढ्याने भागलं नाही तर हलणारे दात आतल्या बाजूने बारीक तारेने शेजाऱ्यांशी बांधता येतात.

डॉक्टरांकडे नेमकं काय व्हायला हवं तेही सांगतो, म्हणजे अर्धवट काम तुमच्या लक्षात येईल. आधी बारीक मोजपट्टीने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी पॉकेट मोजतात आणि कुठे रक्त येतं ते नोंदवतात. दाब हलका असतो, २०-२५ ग्रॅमचा. ४ मिलिमीटर आणि रक्त असेल तिथे उपचार हवेत, ६ च्या पुढे खोल समजतात. या आकड्यांची प्रत मागून घ्या. सोबत एक्स-रे लागतो, हाड किती उरलंय ते त्यातच दिसतं. मग हिरडीच्या वरचं किटण काढतात आणि घासायची पद्धत सुधारून घेतात. त्यानंतर भूल देऊन हिरडीखालचं काम होतं, मुळांवरचा थर आणि किटण कंप पावणाऱ्या मशीनने व बारीक हत्यारांनी खरवडतात. भूल न देता पंधरा मिनिटांत तोंड साफ करून दिलं, तर खोल पॉकेटपर्यंत हात पोचलेला नसण्याचीच शक्यता जास्त.

दोन-तीन भेटींत विभागून करायचं तुमच्या डॉक्टरांनी सुचवलंय, ते योग्य वाटतं. २००७ मध्ये १२० रुग्णांवरच्या एका अभ्यासात सगळ्या तोंडाचे सखोल उपचार एकदम केले, तर दुसऱ्या दिवशी रक्तवाहिन्यांचं काम तात्पुरतं बिघडलेलं आणि दाह वाढलेला दिसला. सहा महिन्यांनी मात्र त्याच रक्तवाहिन्या आधीपेक्षा चांगलं काम करत होत्या. तेव्हा एखादा दिवस अंग मोडून आलं, कणकण वाटली, तर ते अपेक्षित आहे. दोन दिवसांनंतरही ताप टिकला तर डॉक्टरांना कळवा.

पुन्हा मोजमाप साधारण तीन महिन्यांनी. त्याआधी मोजपट्टी घालायची घाई नको, अस्तर मुळाला नव्याने चिकटत असतं. त्या वेळी पॉकेट ४ किंवा कमी आणि रक्त नाही, हे गाठायचं आहे. काही जागी ६ च्या वर राहिलं तर हिरडी उघडून साफ करायची छोटी शस्त्रक्रिया लागते. आणि पुढे दर तीन महिन्यांनी सफाई ठेवा. खोल पॉकेटमध्ये ते जंतू पुन्हा वस्ती करायला साधारण तितकेच दिवस घेतात.

मेडिकलच्या गोळ्यांचं गणित आता लक्षात आलं असेल. प्रतिजैविक पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या जंतूंना मारतं, त्यामुळे चार दिवस सूज उतरते. चिकट थरात रुतलेल्यांपर्यंत ते पुरेसं पोचत नाही, किटण तर जागचं हलतही नाही. आतून सफाई झाल्यावर काही निवडक रुग्णांना डॉक्टर या गोळ्या जोडीला देतात, पण सफाईऐवजी त्या कधीच नाहीत. परस्पर आणून घ्यायचं आता बंद करा.

घरी करायचं काम थोडं आहे, पण रोजचं आहे. मऊ ब्रश, दोन वेळा, दोन मिनिटं. ब्रशचे केस दाताशी ४५ अंशांत हिरडीच्या कडेकडे वळवा, कड जरा खाली दबली पाहिजे, आणि जागच्या जागी बारीक हालवा. आडवं खसाखसा घासू नका. एवढं करूनही ब्रश हिरडीखाली जेमतेम एक मिलिमीटर पोचतो आणि दोन दातांच्या मध्ये तर पोचतच नाही, जिथे आजार सुरू होतो. त्यासाठी फटीत घालायचा छोटा ब्रश येतो, इंटरडेंटल ब्रश म्हणून मागा. तो फटीत अडून बसला पाहिजे, पण जोर लावावा लागू नये. सगळ्या फटी सारख्या नसतात, त्यामुळे दोन-तीन मापं लागतील, डॉक्टरांकडूनच बसवून घ्या. रात्री झोपण्यापूर्वी, प्रत्येक फटीत चार-पाच वेळा आतबाहेर. पहिले सात-दहा दिवस रक्त येईल, थांबू नका. रोज केलंत तर कमी होत जाईल, आणि कुठली फट अजून रक्त देते त्यावरून कुठे काम उरलंय ते कळेल.

सफाईनंतर क्लोरहेक्सिडीनचं ०.२ टक्क्यांचं माउथवॉश दोन आठवडे चालेल, १० मिलिलिटर, एक मिनिट, दोन वेळा. पेस्टने घासल्यावर अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा जोर मरतो. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. खोबरेल तेलाच्या चुळा, हळद, लवंग तेल यांनी तोंड बरं वाटेल, पण पॉकेटच्या तळाशी यातलं काहीही पोचत नाही.

हृदय, सांधे, मेंदू यांच्याशी हिरड्यांचा संबंध असल्याचं बरंच वाचनात येतं. सगळ्या दातांच्या पॉकेटचं अस्तर उलगडून मांडलं तर ते ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतं, फार तर काडेपेटीच्या वरच्या बाजूएवढं. एवढ्या कच्च्या जागेतून चावताना, घासताना जंतू रक्तात शिरतात. आमवाताशी, म्हणजे रूमेटॉइड संधिवाताशी, धागा बऱ्यापैकी जुळलाय, कारण पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस प्रथिनांत नेमका तो बदल करतो ज्याविरुद्ध आमवाताच्या रुग्णांत प्रतिपिंडं तयार होतात. अल्झायमरबाबत मात्र त्याची कात्री, म्हणजे जिंजिपेन, थोपवणाऱ्या औषधाची मोठी चाचणी २०२१ मध्ये मुख्य कसोटीवर उतरली नाही. तेव्हा तिथे घाबरून जायचं कारण नाही.

थांबू नये अशा काही खुणा : हिरडीवर पू भरलेला फोड आणि ताप, तोंड उघडताना किंवा गिळताना त्रास, गालापर्यंत सूज. हिरड्या एकाएकी फुगून आपोआप रक्त येत असेल, अंगावर निळे डाग उठत असतील तर आधी फिजिशियनकडे जाऊन रक्ततपासणी करा, प्लेटलेट किंवा रक्ताचाच आजार असू शकतो.

पहिल्या भेटीला सकाळची वेळ घ्या. नेहमीचा नाश्ता करून आणि मधुमेहाची गोळी घेऊन जा, उपाशी नको. चालू औषधांची सगळी पाकिटं सोबत ठेवा. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन असेल तर तेही हिरड्या फुगवू शकतं, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर डॉक्टरांना आधी कळायला हवं, आणि हृदयाची झडप बदललेली असेल तर उपचाराआधी तासभरात प्रतिजैविकाचा एक डोस लागतो. यातली कुठलीही गोळी मनाने बंद करून जाऊ नका.